डिस्क तीच, दप्तर वेगळे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे ती हातरुमालाच्या घडीएवढी असते, पाव किलोहूनही हलकी असते आणि आता आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत, कपाटाच्या खणात, पासबुकांच्या शेजारी सापडते. संगणकाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. लग्नाचे फोटो, मुलांच्या गुणपत्रिका, दुकानाचे हिशेब, सोसायटीचे ठराव असे सगळे तिच्यात भरून आपण निर्धास्त होतो. मीही झालो होतो. म्हणून आधी माझी फजिती सांगतो आणि मग तिच्यामागचे शास्त्र.

आमचे गाव घाटाखालचे. २०११ च्या हिवाळ्यात मी आईच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. जाते बंद पडून वर्षे झाली होती, पण ओव्या तिला तोंडपाठ. सकाळच्या उन्हात बसून ती म्हणायची आणि मध्येच थांबून विचारायची, "कायले करतं रे हे सारं?" सव्वाशेच्या आसपास ध्वनिमुद्रणे झाली. पुढे मोबाइल बदलला, तेव्हा ती संगणकावर घेतली. संगणक जुना झाला, तेव्हा अभियांत्रिकीला शिकणाऱ्या पुतण्याने ती एका नव्या डिस्कवर नीट लावून दिली. त्याचा लॅपटॉप उबुंटू लिनक्सचा. माझा नवा संगणक विंडोजचा. त्या वेळी हा फरक माझ्या लेखी शून्य होता.

२०१५ मध्ये आई गेली. वर्षश्राद्धाला बहिणी जमल्या. संध्याकाळी म्हटले, आज आईचा आवाज ऐकू. डिस्क माझ्या संगणकाला लावली. पडद्यावर सूचना आली, ती साधारण अशी : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मला वाटले, नव्या संगणकाची काहीतरी रीत असेल. 'हो' दाबले. पुढे आणखी एक इशारा आला, की सर्व मजकूर पुसला जाईल. आपण असे इशारे वाचतो का? मीही वाचला नाही. काही सेकंदांत काम झाले आणि उघडलेल्या खिडकीत काहीच नव्हते. स्वच्छ, रिकामी डिस्क. बहिणी मागे बसलेल्या.

आता प्रश्न असा, की डिस्क चांगली होती, केबल चांगली होती, दोन्ही संगणक चांगले होते. मग बिघडले काय?

जमीन आणि सातबारा

डिस्क म्हणजे शेतजमीन समजा. ती लहान लहान तुकड्यांत विभागलेली असते. चार हजार शहाण्णव बाइटांचा एक तुकडा धरला, तर एक टेराबाइटच्या डिस्कवर असे सुमारे २४ कोटी ४१ लाख तुकडे भरतात. तुमचा एक फोटो अशा शेकडो तुकड्यांवर पसरलेला असतो आणि ते शेजारी शेजारीच असतील असे नाही. मग कोणता तुकडा कोणत्या फोटोचा, फोटोचे नाव काय, तो कोणत्या फोल्डरमध्ये, रिकामे तुकडे कोणते, हे सगळे कुठेतरी लिहून ठेवावे लागते. जमिनीच्या बाबतीत हे काम तलाठ्याचे दप्तर करते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण दप्तर तेच. डिस्कवरच्या या दप्तराला फाइल सिस्टिम म्हणतात.

खरी गोम अशी, की प्रत्येक कंपनीने आपले दप्तर आपल्या पद्धतीने लिहिले. विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये एनटीएफएस नावाची पद्धत आणली, ती अजून चालू आहे. ॲपलच्या मॅक संगणकांनी १९९८ पासून एचएफएस प्लस वापरली आणि २०१७ पासून एपीएफएस. लिनक्सवर २००८ पासून ईएक्सटी-४ ही पद्धत स्थिरावली. या मंडळींनी एकमेकांचे दप्तर वाचता यावे म्हणून फार धडपड केली नाही. विंडोजला स्वतःहून ना लिनक्सचे दप्तर कळते, ना मॅकचे. मॅकला विंडोजचे एनटीएफएस वाचता येते, पण त्यात लिहिता येत नाही. म्हणून पुण्याहून आलेली मुलगी आपल्या मॅकवर घरची डिस्क लावते, फोटो बघते, पण स्वतःचे फोटो तिच्यात टाकायला गेली की ते टाकताच येत नाहीत, आणि घरचे म्हणतात, डिस्क खराब झाली. डिस्क खराब झालेली नसते. लिनक्सने मात्र इतरांची भाषा शिकण्याचे कष्ट घेतले. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी हे सॉफ्टवेअर आले आणि लिनक्सवर विंडोजच्या डिस्कवर भरवशाने लिहिता येऊ लागले. २०२१ पासून तर ती सोय लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

आणखी एक उदाहरण देतो. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे बाहेर निघाली. त्यांतली बरीचशी मोडी लिपीत होती. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारे थोडे. मग मोडी जाणकारांना शोधून आणावे लागले. कोणी असे म्हटले नाही, की हे वाचता येत नाही, तेव्हा कागद धुऊन काढू आणि त्यावर नव्याने लिहू. माझ्या संगणकाने मात्र नेमके तेच सुचवले आणि मी त्याला रुकार दिला. 'फॉरमॅट करायची का' याचा खरा अर्थ एवढाच असतो, की हे दप्तर मला वाचता येत नाही, ते काढून माझे नवे कोरे दप्तर मांडू का? मॅक हेच जरा सभ्यपणे सांगतो. ही डिस्क वाचता येत नाही असे म्हणून तो डिस्क काढण्याचा आणि दुर्लक्ष करण्याचाही पर्याय देतो. पण तिसरा पर्याय नव्याने मांडणी करण्याचाच असतो. तेव्हा पहिला नियम लिहून घ्या. चालत असलेली डिस्क दुसऱ्या संगणकावर फॉरमॅट मागू लागली, तर उत्तर 'नाही'. डिस्क काढा आणि जिथे ती चालत होती तिथे पुन्हा लावून बघा.

एकाच गावात तीन भाषा

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे सगळीकडे विंडोजच असते, ही पुण्या-मुंबईची कथा. तसे राहिलेले नाही. आपल्या जिल्ह्याचे न्यायालयच घ्या. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत ई-कोर्ट्स प्रकल्पाखाली उबुंटू लिनक्स वापरली जाते आणि खटल्यांच्या नोंदीचे सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केलेले आहे. त्याच न्यायालयासमोर बसणाऱ्या टंकलेखकाकडे विंडोज असते. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय लिनक्स काढली, तीही काही कार्यालयांत पोहोचली. छपाई आणि व्हिडिओचे काम करणारे कोणी मॅक घेतात. आणि आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन तर आतून लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. घाटावरची बोली आणि घाटाखालची बोली वेगळी असली तरी आपण एकमेकांना समजून घेतो. संगणक घेत नाहीत.

समाईक बोली

मग सगळ्यांना कळेल अशी एखादी पद्धत आहे का? आहे. जुनी आहे ती फॅट-३२, १९९६ च्या सुमारास आलेली. ती जवळजवळ प्रत्येक संगणकाला, टीव्हीला, गाडीतल्या टेपलाही कळते. तिची अडचण एकच, पण मोठी. एक फाइल चार गिगाबाइटांहून मोठी असली तर ती घेत नाही. सेकंदाला २५ मेगाबिट दराने लग्नाचे चित्रीकरण केले तर सुमारे २३ मिनिटांतच ही मर्यादा गाठली जाते. म्हणजे मंगलाष्टके संपून पंगत बसेपर्यंत फाइल मोठी झालेली असते. मग डिस्क अर्धी रिकामी असूनही संगणक 'फाइल फार मोठी आहे' म्हणून अडवतो आणि माणूस चक्रावतो.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट ही पद्धत काढली. चार गिगाबाइटांची अडचण तिच्यात नाही. मॅकने ती २०१० मध्ये स्वीकारली. लिनक्सवाल्यांना मात्र पेटंटच्या अडसरामुळे बराच काळ वेगळी जोडणी करून घ्यावी लागे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षअखेरीस ती लिनक्सच्या गाभ्यात आली. आज विंडोज, मॅक आणि नवी लिनक्स या तिघांनाही वाचता येते आणि लिहिताही येते अशी सोयीची पद्धत हीच. तुमची डिस्क तीन घरांत फिरणार असेल, तर ती एक्सफॅटमध्ये मांडून घ्यावी.

मांडणी कशी करायची? पण त्याआधी डिस्कवर जे काही असेल ते दुसरीकडे उतरवून घ्या, कारण मांडणी म्हणजे पुसणेच. विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर उजवी कळ दाबून फॉरमॅट निवडायचे आणि पद्धतीच्या यादीतून एक्सफॅट घ्यायचे. मॅकमध्ये डिस्क युटिलिटी उघडून इरेज या सोयीतून तेच करायचे. डिस्कला नाव द्यायची जागा असते, तिथे ओळखू येईल असे नाव द्यावे. टीव्हीला लावायची असेल तर आधी लहान पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये मांडून तपासावा, कारण जुन्या टीव्हींना ही पद्धत कळेलच असे नाही.

फायलींना नावे देतानाही थोडे भान हवे. लिनक्सवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, तारा किंवा अपूर्णविरामाची दोन टिंबे चालतात, विंडोजला ती चालत नाहीत. इंग्रजीतले मोठे आणि लहान अक्षर लिनक्स वेगळे मानतो, विंडोज एकच मानतो. त्यामुळे लिनक्सवरच्या दोन फायली समाईक डिस्कवर एकाच नावाच्या ठरतात आणि एकीवर दुसरी चढते. तारीख घालायची तर तिरप्या रेषेऐवजी आडवी छोटी रेघ वापरावी.

डिस्क वाचली, अक्षरे नाही

इथे आपल्या मराठीची एक खास अडचण सांगायला हवी. डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडली, फाइलही उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला, हा अनुभव टंकलेखन करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. हा दोष डिस्कचा नाही. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेले नसते. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चे चित्र बसवलेले असते. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की चित्र जाते आणि मागचे इंग्रजी अक्षर उरते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कुठेही उघडतो. जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये करून ठेवावा. ते जमत नसेल, तर जिथे फॉन्ट आहे त्याच संगणकावर त्याची पीडीएफ करून घ्यावी. ज्या घरात वडिलांचे आत्मचरित्र कृतिदेवात पडून असेल त्यांनी हे काम या सुट्टीतच उरकावे.

वाहतूक वेगळी, राखण वेगळी

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. एक्सफॅट प्रवासाला चांगली, पण राखणीला तितकी नाही. एनटीएफएस किंवा ईएक्सटी-४ मध्ये दप्तरात फेरफार करण्यापूर्वी तो एका रोजकीर्दीत टिपून ठेवतात. मध्येच वीज गेली तर संगणक ती रोजकीर्द बघून दप्तर सावरून घेतो. एक्सफॅटमध्ये ही रोजकीर्द नाही. लिहीत असताना वीज गेली, केबल निसटली, किंवा घाई करून तुम्ही डिस्क ओढून काढली, तर दप्तर अर्धवट राहते आणि कधी अख्खे फोल्डर नाहीसे होते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कशी येते-जाते ते मी सांगायला नको. म्हणून मोठी फाइल डिस्कवर घेताना लॅपटॉप बॅटरीवर किंवा संगणक इन्व्हर्टरवर असावा. आणि पडद्यावर 'झाले' दिसले तरी 'डिस्क सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा दिल्याशिवाय केबलला हात लावू नये. संगणक बरेचदा मजकूर स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवतो आणि सावकाश लिहितो. ती आज्ञा दिली की हातातले काम तो आधी पुरे करतो.

त्यामुळे शक्य असेल तर दोन डिस्का ठेवा. एक वाहतुकीची, एक्सफॅटची, गावोगाव फिरणारी. दुसरी राखणीची, ज्या संगणकाची राखण करायची त्याच्याच पद्धतीत मांडलेली आणि घराबाहेर न जाणारी. मॅकमध्ये २००७ पासून असलेली टाइम मशीन ही राखणीची सोय एक्सफॅटच्या डिस्कवर चालतच नाही, तिला ॲपलची पद्धतच लागते. एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही कामे भागवता येतात, पण ती डिस्क हातातून पडली तर दोन्ही भाग एकाच वेळी जातात. शिवाय एका भागासाठी डिस्क विंडोजला लावली की दुसरा भाग वाचता न आल्याने तो फॉरमॅटचा प्रश्न पुन्हा समोर येऊ शकतो. माझ्यासारखा माणूस पुन्हा 'हो' दाबणार नाही याची हमी कोण देणार?

ज्यांच्या घरी किंवा कार्यालयात तीन-चार संगणक एकाच वाय-फायवर आहेत, त्यांना आणखी एक वाट आहे. डिस्क एकाच संगणकाला कायमची लावून बाकीच्यांनी ती नेटवर्कवरून वापरायची. तेव्हा दप्तर वाचायचे काम त्या एका संगणकाचे. बाकीचे फक्त मागणी करतात आणि फाइल मिळवतात. ग्रंथालयात कपाटे कशी लावली आहेत हे वाचकाला माहीत असावे लागत नाही, तसेच हे. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेले सांबा हे मोफत सॉफ्टवेअर नेमके यासाठीच आहे.

आणि कितीही चांगली डिस्क असली तरी एकच प्रत म्हणजे प्रत नाही. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत घराबाहेर. आपल्याकडे बियाणे राखताना सगळे एकाच कणगीत कोणी ठेवत नसे, तोच शहाणपणा.

पुढे काय झाले

माझ्या गोष्टीचा शेवट राहिला. त्या संध्याकाळी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, आधी डिस्क काढा. तिच्यावर आता एक अक्षर लिहू नका." हे बहुमोल होते. झटपट फॉरमॅटमध्ये दप्तर जाते, पण बरीचशी जमीन तशीच असते. तिच्यावर नवे काही लिहिले की मात्र जुने पीक नांगरले जाते. नव्या एसएसडी प्रकारच्या डिस्कवर तर ही आशा फार कमी असते, कारण मोकळे झालेले तुकडे त्या स्वतःहूनच साफ करतात. माझी डिस्क जुन्या, फिरत्या तबकडीची होती. पुतण्याने दोन दिवसांनी येऊन फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालवले. ते दप्तर बघतच नाही. अख्खी जमीन चाळून फोटो कुठे सुरू होतो, आवाज कुठे सुरू होतो, हे त्याच्या आरंभीच्या खुणेवरून ओळखते.

सकाळी नव्वदच्या वर ध्वनिमुद्रणे परत आली. तीसेक गेली ती गेलीच. जी आली त्यांची नावे नव्हती, तारखा नव्हत्या, नुसते आकडे होते. दप्तर जळाले की जमीन मिळते, पण कोणाची ते सांगणारा कागद राहत नाही. बहिणी चार दिवस राहिल्या. एकेक ध्वनिमुद्रण लावायचे आणि त्यांनी ओळखायचे. ही संक्रांतीच्या आदल्या दिवशीची, मागे पिठाच्या गिरणीचा आवाज आहे. ही नंतरची, आईला खोकला झाला होता तेव्हाची. अशी त्यांनी नावे लिहून दिली, वहीत आणि मग संगणकावर.

आता त्या ओव्यांच्या तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक पुतण्याकडे आणि एक धाकट्या बहिणीकडे. दर दिवाळीला तिन्ही लावून बघतो, दोन-तीन फायली ऐकतो, कारण उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत आहे की नाही हे कोणाला ठाऊक? आणि प्रत्येक डिस्कवर चिकटपट्टी लावली आहे. घरात कुरडया-पापडांच्या डब्यांवर आपण चिठ्ठी लावतो, तशी. पट्टीवर ठळक अक्षरांत चार गोष्टी आहेत : पद्धत कोणती, कोणत्या संगणकाची, केव्हा भरली, आणि खाली लाल शाईने 'फॉरमॅट विचारल्यास नाही म्हणावे'.

तुमच्या कपाटातही अशी एक डबी असेल. आज रविवार आहे. ती काढा, लावून बघा आणि आधी तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवा.